शंकूशेजारचा माणूस

जवळपास प्रत्येक विज्ञान केंद्रात एक जोडशंकू असतो. दोन शंकू बुडाशी बूड लावून जोडलेले, त्यामुळे मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता. तो दोन रुळांवर ठेवलेला असतो. हे रूळ एका बाजूला खाली आणि एकमेकांजवळ असतात, दुसऱ्या बाजूला वर आणि फाकलेले. शंकू खालच्या बाजूला ठेवून हात सोडला की तो आपण होऊन चढ चढायला लागतो. मुलं ओरडतात, शंकू परत खाली आणतात, पुन्हा सोडतात. एवढ्यात शेजारी उभा असलेला मार्गदर्शक सांगतो, "तो वर जात नाहीये. त्याचा गुरुत्वमध्य खाली येतोय. चला, पुढं चला."

सांगितलं ते अगदी बरोबर. पण ते ऐकल्यावर मुलांची पावलं पुढच्या मांडणीकडं वळतात, आणि शंकूत पाहण्यासारखं होतं ते तसंच राहून जातं. आपल्याकडं मार्गदर्शकांना आणि स्वयंसेवकांना प्रशिक्षण मिळत नाही असं नाही. मिळतं, पण मी पाहिलंय ते बहुतेक मांडणीचं असतं: ही कुठल्या तत्त्वावर चालते, शोध कुणी लावला, उपयोग कुठं होतो. समोर येऊन उभा राहिलेला माणूस काय बघतोय, काय समजून बसलाय, त्याला आत्ता बोलायचंय की एकटं राहायचंय, हे ओळखायला शिकवण्यासाठी वेळ उरत नाही. मला वाटतं, हा क्रम उलटा हवा. आधी माणूस, मग मांडणी. आणि आपल्याकडं तर हे जास्तच निकडीचं आहे, कारण आपल्या मुलाला प्रश्न विचारला की ते तिथल्या तिथं परीक्षेला बसतं.

मांडणीशेजारी जिवंत माणूस हवा, हा विचार जुना आहे. १९३७ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ जाँ पेरँ यांच्या पुढाकारानं 'पॅले द ला देकूव्हर्त' उभं राहिलं. तिथं प्रयोग लोकांसमोर प्रत्यक्ष करून दाखवले जात. फ्रँक ओपनहायमर यांनी १९६५ च्या सुमारास युरोपातली संग्रहालयं पाहिली, त्यात पॅरिसचं हेही होतं. अणुबाँबवाल्या रॉबर्ट ओपनहायमरांचे हे धाकटे भाऊ. पूर्वी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होते म्हणून १९४९ मध्ये त्यांची विद्यापीठातली नोकरी गेली, मग त्यांनी कोलोरॅडोत गुरं पाळली आणि पुढं तिथल्याच शाळेत विज्ञान शिकवलं. १९६९ मध्ये त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत एक्स्प्लोरेटोरियम सुरू केलं, तेव्हा मांडण्यांशेजारी उभं राहायला त्यांनी प्राध्यापक बोलावले नाहीत. शाळेत शिकणारी मुलं-मुली घेतली आणि त्यांना पगार दिला. या मुलांना तिथं 'एक्स्प्लेनर' म्हणतात, नारिंगी जाकिटावरून ती लांबूनही ओळखू येतात. गाईच्या डोळ्याचं विच्छेदन लोकांसमोर हीच मुलं करतात. ओपनहायमर म्हणत, संग्रहालयात कुणी नापास होत नाही. या म्हणण्यामागं शाळेत शिकवणाऱ्या माणसाचा अनुभव आहे.

आपण मांडण्या मनापासून केल्या. कोलकात्याचं बिर्ला संग्रहालय १९५९ चं, बंगळूरचं विश्वेश्वरय्या संग्रहालय १९६५ चं. राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद १९७८ मध्ये झाली, वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र १९८५ मध्ये सुरू झालं, नागपूरचं रामन विज्ञान केंद्र १९९२ मध्ये. या संस्थांच्या स्वतःच्या कार्यशाळा आहेत, तिथं सुतार, फिटर, वेल्डर हातानं एक्झिबिट घडवतात. बस भरून गावोगाव फिरणारी विज्ञान प्रदर्शनं आपल्याकडं १९६५ पासून आहेत. एवढी कारागिरी ज्या देशात आहे, तिथं मांडणीशेजारच्या माणसाकडंही तितक्याच कारागिरीनं बघायला हवं.

आता परीक्षेबद्दल. परदेशी प्रशिक्षणपुस्तिका सांगतात, उत्तर देऊ नका, प्रश्न विचारा. ही सूचना जशीच्या तशी उचलली की आपल्या दालनात काय होतं ते बघा. मार्गदर्शक सातवीच्या मुलाला विचारतो, "सांग बरं, शंकू वर का गेला?" मुलगा आधी बाईंकडं बघतो, मग शेजारच्या हुशार मुलाकडं, मग जमिनीकडं. त्याच्या लेखी प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर मोठ्यांना आधीच माहीत आहे आणि जे चुकलं तर हसं होणार. शाळेतल्या आठ-दहा वर्षांत त्याला दुसऱ्या प्रकारचा प्रश्न फारसा भेटलेलाच नसतो. म्हणजे उत्तर सांगणारा मार्गदर्शक आणि 'का' विचारणारा मार्गदर्शक, दोघंही त्याला वर्गात नेऊन बसवतात. दुसरा तर तोंडी परीक्षाच घेतो.

म्हणून आपल्या प्रशिक्षणात पहिला धडा 'का' न विचारण्याचा हवा. "सोडला तर कुठल्या बाजूला जाईल? बोट दाखव." एवढंच. बोट दाखवायला शब्द लागत नाहीत, मराठी-हिंदी-इंग्रजीचा अडसर येत नाही, मागच्या रांगेतल्या मुलीलाही ते करता येतं. साठ मुलांचा वर्ग असला तरी साठ बोटं एका क्षणात वर येतात, आणि प्रत्येकानं काहीतरी पणाला लावलेलं असतं. शंकू सुटतो तेव्हा ती साठ मुलं स्वतःच्या अंदाजाचं काय होतंय ते बघत असतात. त्यानंतर विचारायचं, "काय दिसलं?" याला चुकीचं उत्तर असू शकत नाही. 'का' येतो तो बहुतेक वेळा मुलांकडूनच, आणि मुलांकडून आला की तो परीक्षेचा राहत नाही.

जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर विज्ञानाचा प्रश्न लिहून पाठवा, मी उत्तर लिहून खाली सही करीन. त्यांच्या या रीतीकडं लोक एका मोठ्या माणसाची लकब म्हणून बघतात. मला त्यात मार्गदर्शकांच्या प्रशिक्षणाचं सूत्र दिसतं. प्रश्न तयार करण्याचं काम त्यांनी समोरच्यावर सोपवलं होतं.

मग शंकूपाशी एखादं मूल म्हणतं, "खाली चुंबक आहे." मला वाटतं, मार्गदर्शकाची खरी कसोटी इथं लागते. "नाही, चुंबक नाही," हे सांगायला अर्धा सेकंद पुरतो. पण चुंबक असणं ही चांगली शंका आहे. त्या मुलाला वस्तू आपण होऊन ओढली जाण्याचं एकच कारण माहीत आहे आणि ते त्यानं नेमकं इथं लावून पाहिलं. मार्गदर्शकाच्या खिशात लोखंडी नळीचा एक लांब तुकडा असावा, रूळ जिथं सगळ्यात फाकलेत तिथंही दोन्हींवर टेकेल एवढा. "वरच्या बाजूला चुंबक असेल, तर ही नळी कुठं जाईल?" पुन्हा बोटं. नळी ठेवली की ती घरंगळत खालच्या टोकाला येते. चुंबकाची गोष्ट संपली, आणि ती मार्गदर्शकाच्या अधिकारानं संपली नाही, नळीनं संपवली. आता मुलांसमोर नवं कोडं आहे: त्याच रुळांवर नळी उतरते आणि शंकू चढतो, मग फरक शंकूच्या आकारात असला पाहिजे. कुणीतरी बाजूनं वाकून बघतं. फूटपट्टी दिली तर शंकूचं टोक टेबलापासून किती उंच आहे ते सुरुवातीला मोजतं, शेवटी मोजतं. शेवटचं माप कमी भरतं. सुरुवातीला रूळ जवळ असल्यामुळं शंकू त्याच्या जाड पोटावर टेकलेला होता, रूळ फाकत गेले तसा तो बारीक टोकांवर टेकत गेला आणि मधोमध खाली बसत गेला. रूळ जेवढे चढले त्याहून शंकूचा मध्य रुळांच्या मानानं जास्त उतरला. हे मुलांनी मोजल्यानंतर मार्गदर्शकानं खुशाल गुरुत्वमध्य हा शब्द सांगावा. तेव्हा त्या शब्दाला धरायला काहीतरी हाती आलेलं असतं.

यावर एक आक्षेप मी अनेकदा ऐकलाय आणि तो रास्त आहे. मार्गदर्शकांना विषयच पुरता येत नाही, तिथं ही संवादकला कशाला? आधी भौतिकशास्त्र पक्कं करा. पण वरच्या प्रसंगात भौतिकशास्त्र कमी लागलं की जास्त? पाठ केलेलं वाक्य म्हणायला शंकूची समज लागत नाही. चुंबकाची शंका कशी तपासायची, नळी किती लांब हवी, शंकूऐवजी चेंडू ठेवला तर काय होईल, रूळ आणखी फाकवले तर काय होईल, हे त्यालाच सुचतं ज्यानं ती मांडणी स्वतः उघडून, बिघडवून, पुन्हा जुळवून पाहिली आहे. म्हणून प्रशिक्षणाचे सुरुवातीचे काही दिवस सभागृहात न घालवता कार्यशाळेत घालवावेत. जो फिटर ती मांडणी दुरुस्त करतो त्याच्याकडून स्वयंसेवकानं ती शिकावी. कुठं काय अडतं आणि का अडतं, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं, आणि त्याला शिकवायला बसवावं असं क्वचितच कुणाला सुचतं.

दुसरा आक्षेप गर्दीचा. सहलीच्या दिवसांत एका वेळी दोनशे मुलं दालनात शिरतात, शिक्षक शिटी वाजवतात, अर्धी मुलं भिंतीवरची माहिती वहीत उतरवून घेत असतात कारण शाळेत जाऊन ती दाखवायची असते. इथं कुठली बोटं आणि कुठली फूटपट्टी? या आक्षेपाचं उत्तर मला दुर्बिणीशेजारी मिळालं. महाराष्ट्रात हौशी आकाशनिरीक्षणाची परंपरा मोठी आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते. हॅलेच्या धूमकेतूच्या सुमारास मुंबईत खगोल मंडळ उभं राहिलं आणि त्याचे स्वयंसेवक वांगणीला रात्र-रात्र कार्यक्रम घेऊ लागले. दुर्बिणीपाशी माणसाला जेमतेम अर्धा मिनिट मिळतं. मागं रांग असते. आणि शनी नेत्रिकेत दिसतो तो पोस्टरवरच्यासारखा भव्य नसतो, लहानसा असतो. काहींना तर भिंगावर चित्र चिकटवलंय असंच वाटतं.

चांगला स्वयंसेवक त्या अर्ध्या मिनिटात बोलत नाही. तो रांगेत बोलतो. रांगेतली वीस मिनिटं हाच त्याचा वर्ग. आणि तिथंही तो "आता कडी दिसेल हं," असं सांगत नाही, कारण एकदा सांगितलं की प्रत्येकाला कडी दिसते, न दिसली तरी दिसते. तो म्हणतो, "आकार नीट बघा आणि बाहेर आल्यावर तळहातावर बोटानं काढून दाखवा." कुणी दोन कान काढतं, कुणी लंबगोल, कुणी बाजूला दोन ठिपके. १६१० मध्ये गॅलिलिओनं शनी पाहिला तेव्हा त्याला कडं कळलं नव्हतं, एका मोठ्या गोळ्याला दोन बाजूंनी दोन लहान गोळे असावेत असं वाटलं होतं. ते कडं आहे, आणि ग्रहाला कुठंही न टेकणारं आहे, हे डच शास्त्रज्ञ हायगेन्सनं १६५९ मध्ये पुस्तकात मांडलं. तळहातावर दोन ठिपके काढणाऱ्या आजोबांना ही गोष्ट सांगितली की ते पुन्हा रांगेत उभे राहतात. गर्दी असली तरी इतकं करता येतं. विज्ञान केंद्रातही मुलं कुठंतरी थांबलेली असतातच: तिकिटापाशी, तारांगणाच्या दाराशी, जेवणाच्या सुट्टीत. तो वेळ मार्गदर्शकाच्या वेळापत्रकात धरलेला नसतो, एवढंच. वही भरण्याचा प्रश्न मात्र शाळेशी आधी बोलूनच सुटेल. दालनात त्यावर इलाज नाही.

गप्प राहणं हे शिकवावं लागतं. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षणसंशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गातली बोलणी ध्वनिमुद्रित करून तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात आणि मग स्वतः बोलतात किंवा दुसऱ्याला विचारतात, असं त्यांना आढळलं. हेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं, की मुलांची उत्तरं लांबली, न बोलणारी मुलं बोलू लागली, मुलांचे स्वतःचे प्रश्न वाढले. तीन सेकंद ऐकायला थोडे वाटतात. लोक तोंडाकडं बघत असताना ते फार मोठे होतात, आणि नव्या स्वयंसेवकाला वाटतं आपल्याला काही येत नाही असा समज होईल. हे थांबणं सांगून जमत नाही, सवयीनंच जमतं. दोघांनी जोडीनं उभं राहावं, एकानं बोलावं, दुसऱ्यानं मनात आकडे मोजावेत, मग अदलाबदल.

मी एका गोष्टीवर थोडं जास्त थांबणार आहे, कारण तिच्याकडं आपलं दुर्लक्ष होतं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केविन क्रॉली आणि मॉरीन कॅलनन यांच्या गटानं कॅलिफोर्नियातल्या मुलांच्या एका संग्रहालयात कुटुंबं कशी वागतात ते पाहिलं. मांडणी हाताळायला मुलगा-मुलगी दोघंही येत होते. पण ती कशी चालते याचं स्पष्टीकरण आईवडील मुलींपेक्षा मुलांना सुमारे तिप्पट वेळा देत होते. त्या पालकांनी हे ठरवून केलं नसणार. आपल्या दालनात असंच किंवा याहून जास्त घडत असेल तर आश्चर्य नाही. बाबा मुलाला खांद्याशी धरून विद्युतघटाची गोष्ट सांगतायत आणि बहीण आईबरोबर दोन पावलं मागं उभी आहे, हे दृश्य ज्यानं पाहिलं नाही असा मार्गदर्शक सापडणार नाही. इथं बाबांना काही सुनावण्याची गरज नाही. मार्गदर्शकानं फूटपट्टी मुलीच्या हातात द्यायची, माप तिला विचारायचं, आणि तिनं सांगितलेला आकडा बाबांना मोठ्यानं सांगायला लावायचा. मग बाबा आपोआप तिच्याशी बोलू लागतात. मात्र हे रोज, प्रत्येक कुटुंबाच्या वेळी आठवायचं तर ते प्रशिक्षणात लिहून ठेवलेलं असायला हवं. चांगल्या मनावर सोडून भागत नाही.

कुटुंबाच्या बाबतीत उलटी चूकही होते. एखादी आजी नातवाला जात्याची आठवण सांगत गिअरची मांडणी फिरवत असते आणि मार्गदर्शक मध्ये घुसून दात्यांचं गुणोत्तर सांगतो. तिथं त्यानं लांबच राहावं. काही माणसं एकटी येतात, एका लंबकापाशी वीस मिनिटं उभी राहतात, त्यांना कुणीही नको असतं. कधी जवळ जायचं नाही, हे शिकल्याशिवाय प्रशिक्षण पुरं झालं असं मी म्हणणार नाही.

खेळ करून दाखवण्याच्या कार्यक्रमांबद्दल थोडक्यात. द्रव नायट्रोजनचा धूर, व्हॅन डी ग्राफ यंत्रावर हात ठेवून उभे राहिलेले केस, टाळ्या. हे हवं. पण प्रेक्षक घरी जाताना 'काय भारी जादू होती' म्हणत असेल, तर विज्ञान केंद्रानं मांत्रिकाचंच काम केलं. याबाबतीत आपल्याकडं दुसरी एक शिस्त आधीपासून आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतले कार्यकर्ते चमत्कार करून दाखवतात, मग त्यामागची युक्ती उघड करतात आणि समोरच्या श्रोत्याला पुढं बोलावून त्याच्याकडूनच तो चमत्कार करून घेतात. शेवटची पायरी सगळ्यात मोलाची आहे. गावच्या चावडीवर उभं राहून, विरोध पत्करून घडवलेली ही पद्धत आहे. आपल्या विज्ञान केंद्रांनी या कार्यकर्त्यांना प्रशिक्षक म्हणून सन्मानानं बोलवावं.

हे काम कुणी करावं? पदवी बघून निवड करण्याची रीत मला पटत नाही. ज्युडी डायमंड आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक्स्प्लोरेटोरियमच्या जुन्या एक्स्प्लेनर मुलांचा मागोवा घेतला, तेव्हा या कामानं त्या मुलांचीच शिकण्याची आवड, लोकांशी बोलण्याची हातोटी आणि आत्मविश्वास वाढल्याचं दिसलं. दालनात उभं राहणं हेच त्यांचं शिक्षण झालं. म्हणजे महापालिकेच्या शाळेतून अकरावीला आलेली मुलगी दोन वर्षं हे काम करून निघून गेली, तर संस्थेचं प्रशिक्षण वाया गेलं असं म्हणता येत नाही. ते जिथं जायचं तिथंच गेलं. आपल्याकडं निवृत्त अभियंते आणि प्राध्यापकही मोठ्या आस्थेनं स्वयंसेवक म्हणून येतात. त्यांच्याकडं ज्ञान भरपूर असतं आणि ते सांगण्याची ओढही, त्यामुळं त्यांना थांबायला शिकवणं हे अकरावीच्या मुलीला बोलायला शिकवण्याहून अवघड जातं. दोघांची जोडी लावावी. तिनं मुलांच्या शंका गोळा कराव्यात, त्यांनी त्या कशा तपासायच्या ते सुचवावं.

कार्यशाळेनंतर दालनातल्या सुरुवातीच्या दिवसांत नव्या माणसानं काही बोलूच नये. एका मांडणीसमोर बसून येणारे काय करतात, कुठं हात लावतात, काय बोलतात, किती वेळ थांबतात ते वहीत टिपावं. मग जुन्या स्वयंसेवकाशेजारी उभं राहावं. मग स्वतः बोलावं आणि, प्रेक्षकांना विचारून, ते मोबाइलवर मुद्रित करावं. संध्याकाळी चार जणांनी मिळून ते ऐकावं. स्वतःचं बोलणं ऐकताना कुणी वरिष्ठ लागत नाही. आपण कुठं घाई केली ते आपल्यालाच कळतं. रोज दार उघडण्याआधी अर्धा तास सगळ्यांनी एकत्र बसावं, आदल्या दिवशी मुलांनी काढलेल्या नव्या शंका फळ्यावर लिहाव्यात आणि त्यांतली एक तरी तपासण्यासाठी काय साहित्य लागेल ते कार्यशाळेला कळवावं.

या अर्ध्या तासाचे पैसे द्यावे लागतील. दालनातल्या यंत्रांना देखभालीसाठी दरवर्षी तरतूद असते, कारण बंद पडलेली मांडणी सगळ्यांना दिसते. शेजारचा माणूस कंटाळला, पाठ केलेलं बोलू लागला, तर ते कुठल्याही तपासणीत दिसत नाही. शनिवार-रविवारच्या मानधनावर, दर काही महिन्यांनी बदलणाऱ्या कंत्राटावर त्याला ठेवून हे काम होणार नाही. निदान दोन वर्षांची नेमणूक, प्रशिक्षणाच्या दिवसांचंही पूर्ण मानधन, आणि नवीन मांडणीचा आराखडा ठरताना बैठकीत त्याच्यासाठी एक खुर्ची, एवढं तरी हवं, कारण तो शंकू कुठल्या उंचीवर ठेवला तर तिसरीच्या मुलाला त्याचं टोक बाजूनं दिसेल हे त्या बैठकीत फक्त त्यालाच सांगता येईल.